हिरवी टिक

आमच्या घरात एखाद्याला काही नुसतं सांगून भागत नाही, ते त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावं लागतं. ही वहिनीची शिस्त. "येताना अर्धा लिटर दूध आण, आणि औषधाच्या दुकानातून जखमेची पट्टी," असं ती म्हणाली की नुसतं "हो" चालत नाही. "काय आणणार?" ती विचारते. मग दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, ज्याचं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे आणि ज्याला गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर तोंडपाठ असतात, तो दारात चपला शोधत शाळेतल्या पोरासारखा म्हणतो, "अर्धा लिटर दूध आणि जखमेची पट्टी." तेव्हा कुठे त्याची सुटका होते.

वहिनी नर्स आहे. वॉर्डात डॉक्टर तोंडी औषध सांगतात तेव्हा ते नर्सने परत म्हणून दाखवायचं, पाळी बदलताना जाणारी जे सांगेल ते येणारीने परत म्हणायचं, ही तिथली जुनी रीत. ती तिने घरीही आणली. मी यावरून तिची भरपूर टिंगल केली आहे. "दादाने तुला मागणी घातली तेव्हाही परत म्हणवून घेतलं होतंस का?" असं मी एकदा विचारलं. "दोनदा," ती म्हणाली. "पहिल्यांदा तो पुटपुटला होता."

मग हॉस्पिटलात टॅब्लेट आले. पेशंटचं नाव निवडायचं, औषध आणि डोस टाकायचा, बटण दाबायचं. हिरवी टिक आली की नोंद झाली. येणारी नर्स टॅब्लेट बघूनच सगळं समजून घेणार, तेव्हा तोंडाने म्हणून दाखवायची रीत हळूहळू सुटली. वेळ वाचतो म्हणून सगळे खूश होते. वहिनीसुद्धा.

एका संध्याकाळी तिने एका वयस्कर पेशंटला इन्सुलिन दिलं, नोंद केली, हिरवी टिक बघितली आणि पाळी संपवून घरी आली. तिच्यानंतर आलेल्या नर्सला टॅब्लेटवर नोंद दिसली नाही. पेशंट गुंगीत होते, त्यांना काही सांगता येईना. तिने नियमाप्रमाणे इन्सुलिन दिलं. एकाच माणसाला दोनदा. त्यांची साखर इतकी कोसळली की त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. ते वाचले, चालत घरी गेले. पण चौकशी बसली आणि बोट वहिनीकडे वळलं. नोंद न करता निघून गेली, आणि वर खोटं बोलते.

पहिल्या सुनावणीत तिने सांगितलं, की नोंद केली, टिक बघितली. एवढंच नाही, तर असंही सांगितलं, की रोज टिक आली की टॅब्लेट हातात जरासा थरथरतो, त्या दिवशी थरथरला नव्हता. बॅटरी संपत आलीय म्हणून नसेल, असं तिला वाटलं. समितीतल्या कुणीतरी हसून विचारलं, "मग नोंद गेली कुठे, बाई?" याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. ती गप्प बसली. तो गप्पपणा कबुलीसारखा धरला गेला. पुढच्या सुनावणीत निकाल होणार होता, आणि तो विरुद्ध गेला तर नोकरीच नव्हे, नर्स म्हणून काम करण्याचा परवानाच जाणार होता.

मला राग येतो. तो लवकर येतो, जोरात येतो, म्हणून तर घरात माझं नाव ठिणगी पडलंय. पण वहिनीने जेवणाच्या टेबलाशी बसून, बटाटा सोलता सोलता, "मी खरंच दाबलं होतं ना गं बटण?" असं मला विचारलं, तेव्हा जो आला तो राग वेगळा होता. वीस माणसांची औषधं डोक्यात ठेवणारी ही बाई आता स्वतःच्या बोटावर विश्वास ठेवत नव्हती.

"टॅब्लेटमधलं ते अ‍ॅप कशावर बांधलंय, माहितीये?" मी विचारलं.

तिला माहीत असायचं कारण नव्हतं. मला मात्र होतं, कारण अ‍ॅपच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. ते चौकटीवर बांधलेलं होतं. आणि चौकटीची एक राखणदार मीच होते.

चौकट हे आमच्या फ्रेमवर्कचं नाव. अ‍ॅप बांधणाऱ्याला दारं, खिडक्या, जिने दरवेळी नव्याने करावे लागू नयेत म्हणून तयार करून ठेवलेला सामानाचा साठा म्हणा. कुणीही फुकट वापरावा, आतलं सगळं उघडं, कुणीही बदल सुचवावा. बदल आत घ्यायचा की नाही हे आम्ही पाच जण ठरवतो. कुणाला यासाठी पगार नाही. ज्याने पहिली ओळ लिहिली त्याला सगळे आजोबा म्हणतात, जरी त्याचे केस आत्ता कुठे पिकायला लागले असले तरी.

मी वहिनीच्या हॉस्पिटलचं अ‍ॅप माझ्या टॅब्लेटवर घातलं नाही, तो गुन्हा ठरला असता. मी चौकटीवर एका बटणाचं छोटंसं अ‍ॅप बनवलं आणि आम्ही दोघी इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं की आमच्या लिफ्टमध्ये रेंज मरते.

"दाब," मी म्हणाले.

तिने दाबलं. हिरवी टिक आली. टॅब्लेट थरथरला नाही.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. "बंद कर तो," ती म्हणाली. "आमचा शेवटच्या कॉटपाशी बंद पडला होता. तिथेही रेंज नसते. रात्रपाळीवालीनेच चार्जिंगला लावून चालू केला, ती सांगते ना."

मी टॅब्लेट बंद केला. वर घरी जाऊन, वाय-फायच्या अगदी पुढ्यात बसून चालू केला. नोंद नव्हती. कुठेच नव्हती. आम्ही लिफ्टने इतक्या वेळा खालीवर केलं की वॉचमनने विचारलं, काही हरवलंय का.

"हो," मी म्हणाले. "बटण दाबलेलं हरवलंय."

कारण साधं होतं. बटण दाबलं की चौकट निरोप पाठवायला घेते आणि उत्तराची वाट न बघता हिरवी टिक दाखवून मोकळी होते. समोरून तक्रार आली नाही ना, मग पोचलं असणार. खरोखर पोचल्याचं उत्तर आलं की टॅब्लेट थरथरतो, पण थरथरीकडे कोण लक्ष देतो? रेंज नसेल तर निरोप टॅब्लेटच्या पोटात वाट बघत बसतो, आणि तेवढ्यात टॅब्लेट बंद पडला की तो गेला. टिक मात्र माणसाने बघितलेली असते.

ती ओळ आजोबांनी लिहिली होती. चौकट झटपट वाटते ती या ओळीमुळेच, आणि ते ती कौतुकाने दाखवायचे.

आता इथे आमची एक रीत सांगायला हवी. चौकटीत बदल दोन वाटांनी येतो. पहिली वाट सुधारणेची. प्रस्ताव मांडायचा, ठरलेली मुदत थांबायचं, पाचांपैकी कुणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. गप्प राहणं म्हणजे होकार. दुसरी वाट चुकीची. ही सुधारणा नाही, ही आपली चूक आहे, असं म्हणायचं असेल तर मांडणाऱ्याखेरीज दुसऱ्या एका राखणदाराने स्वतः लिहावं लागतं, की होय, मी तपासलं, चूक आहे. इथे गप्प राहणं म्हणजे नकार. आणि चूक मान्य झाली की चौकट वापरणाऱ्या सगळ्यांना, सगळीकडे, इशारा जातो.

मी पहिली वाट धरली. शहाणपणा केला म्हणा. आजोबांच्या ओळीला उघड चूक म्हणून कशाला अंगावर घ्यायचं? मी गोड भाषेत लिहिलं, की टिक उत्तर आल्यावरच दाखवावी, तोवर करडा ठिपका दाखवावा, वापरणाऱ्यांचा अनुभव अधिक भरवशाचा होईल. वहिनीचं नाव नाही, हॉस्पिटलचा उल्लेख नाही. मुदत शुक्रवारी दुपारी संपत होती आणि सुनावणी शनिवारी सकाळी होती. मंजूर झालेला प्रस्ताव समितीपुढे ठेवायचा, असा माझा बेत होता. दिवस जात होते, कुणी हरकत घेत नव्हतं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

शुक्रवारी सकाळी दादा दुकान न उघडता परत आला. त्याच्या हातात फोन होता. हॉस्पिटलने अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीकडे खुलासा मागितला होता आणि आलेल्या उत्तराची प्रत वहिनीला पाठवली होती, जी तिने न वाचताच दादाला पुढे पाठवली होती. दादाने ती वाचली, तीही गिऱ्हाइकाला नंबर सांगतो तशा सपाट आवाजात. आमचं अ‍ॅप ज्या फ्रेमवर्कवर आहे त्यात कोणतीही चूक मान्य झालेली नाही. सध्या फक्त एका सुधारणेचा प्रस्ताव विचाराधीन आहे, जो अर्थातच पुढच्या सोयीसाठी आहे. थरथरीविषयी संबंधित नर्सचा दावा आम्हाला अनाकलनीय वाटतो.

"प्रस्ताव कुणाचा आहे हा?" दादाने विचारलं.

मी चहाचा कप उचलून बेसिनकडे निघाले.

"ठिणगे, प्रस्ताव कुणाचा?"

"माझा."

वहिनी खिडकीपाशी गणवेशाला इस्त्री करत होती. कामावरून थांबवलेलं असतानाही ती दर शुक्रवारी गणवेशाला इस्त्री करायची. तिने इस्त्री उभी ठेवली. "म्हणजे तू ते चूक आहे असं म्हटलंच नाहीस?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी खोलीत जाऊन प्रस्ताव उघडला. मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता. नुसतं बसून राहिले असते तरी तो मंजूर झाला असता, आणि टिक सुधारली असती, आणि वहिनी खोटारडी ठरली असती.  मी प्रस्ताव मागे घेतला. त्याच मजकुरावर नवा मथळा घातला, की ही चूक आहे, आणि खाली सरळ लिहिलं, की एका पेशंटच्या जिवावर बेतलं, नोंद करणारी नर्स माझी वहिनी आहे, तिची सुनावणी उद्या सकाळी आहे, माझं मत यात धरू नका पण तुमच्यापैकी कुणीतरी तपासा आणि बोला.

पहिलं उत्तर लगेच आलं. ते आमच्यातल्या वकिलाचं होतं. तो कसला वकील नाही, बँकेत काम करतो, पण नियमांवर बोट ठेवायची भारी हौस म्हणून ते नाव. त्याने लिहिलं, की यात घरचा संबंध आहे, मांडणारीने तो आधी लपवला होता, सबब घाईने काही करू नये. तो खोटं लिहीत नव्हता, म्हणून मला जास्तच झोंबलं. त्यानंतर बाकीचे दोघे गप्प झाले. त्यांनी वाचलंय हे दिसत होतं. आजोबांनीही वाचलं होतं.

मी आजोबांना फोन लावला. त्यांनी उचलला, पण आधी मागे मिक्सरचा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत आम्ही दोघं नुसते कानाला फोन लावून उभे होतो.

"सुधारणा होती तेव्हा मी आडवा आलो नाही," ते म्हणाले. "आलो होतो का? होत होतं ना तुझं काम?"

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं ती चूक आहे?"

"मला वाटत होतं ती सोय आहे."

"आता काय वाटतं?"

मागे मिक्सर पुन्हा घरघरला आणि थांबला.

"तुम्ही तपासलंत ना? लिफ्टमध्ये जाऊन, नाहीतर वाय-फाय काढून? खरं सांगा."

"तपासलं," ते म्हणाले. "सकाळीच. पण तुला कळतंय का, तू काय मागतेस? चूक म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुणाची. किती ठिकाणी आहे ही चौकट, मलाही मोजता येत नाही. प्रत्येक जण त्या ओळीखालचं नाव बघणार. माझं नाव. दुसऱ्या कुणाला सांग ना."

"दुसऱ्या कुणी म्हटलं तर ते तुमच्याकडे बोट दाखवणं होईल. म्हणून तर सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. तुमच्या भिडेपायी."

"तुझी जीभ फार तिखट आहे."

"आणि तुमची गिळलीय!" मी ओरडले. "तुमच्या त्या ओळीत लिहिलंय, समोरचा गप्प आहे ना, मग झालं काम. तुम्ही आयुष्यभर असेच वागलात. आम्हाला पण तीच रीत लावलीत. माझी वहिनी तिथे एकदा गप्प बसली, तर तिला गुन्हेगार ठरवायला निघालेत. गप्पपणाचा अर्थ ज्याला हवा तो काढतो, आजोबा. बोला तरी काहीतरी!"

फोन बंद झाला. त्यांनी कापला की रेंज गेली, ते कळलं नाही. मी परत लावला नाही. मला लाज वाटत होती आणि रागही जात नव्हता, दोन्ही एकाच वेळी.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो. वहिनीने तोच इस्त्रीचा गणवेश घातला होता. दादा तिच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. सोबत एक माणूस नेता येतो असं कळवलं होतं, आणि तो माणूस मी होते. मी फोन बघत होते. मी मांडलेल्या चुकीखाली वकिलानंतर कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

"राहू दे आता," वहिनी म्हणाली. "मला कळलंय की मी दाबलं होतं. मला तेवढं पुरे."

"मला नाही पुरे," मी म्हणाले.

शिपायाने दार उघडलं आणि वहिनीला हाक मारली. मी उठले, फोन पिशवीत टाकणार, तर तो हातात थरथरला.

आजोबांचं होतं. दोन-चार ओळी. "तपासलं. ही चूक आहे. रेंज नसताना टिक आधीच येते, आणि टॅब्लेट बंद झाला तर नोंद दरवेळी हरवते. कधी कधी नव्हे, दरवेळी. टॅब्लेट थरथरतो तो मात्र पोचल्यावरच. थरथरला नाही असं कुणी सांगत असेल तर ते खरं मानावं, कारण हे आम्ही कुठेही लिहून ठेवलेलं नाही, बघितल्याशिवाय कळणार नाही. ओळ माझी आहे."

माझे डोळे भरून आले. मला असं सर्वांदेखत रडलेलं आवडत नाही, म्हणून मी नाक पुसत आत शिरले.

लांब टेबलापलीकडे तिघे होते. मधले अध्यक्ष, डोक्यावर चष्मा चढवलेले, शांत गृहस्थ. एका बाजूला कंपनीचा माणूस. मी फोन पुढे धरून आजोबांचा निरोप मोठ्याने वाचला. "दरवेळी" हा शब्द आला तेव्हा कंपनीच्या माणसाने आपला फोन काढला आणि खाली बघत भराभर बोट फिरवू लागला. इशारा त्याच्याकडेही पोचला असणार. मग मी सांगितलं, की पहिल्या सुनावणीत, या सगळ्याच्या आधी, वहिनीने इथेच थरथरीचं सांगितलं होतं. अध्यक्षांनी शेजारच्या बाईंकडे बघितलं. बाईंनी पुढ्यातले कागद चाळले आणि मान हलवली.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. चष्मा डोक्यावरून काढून त्यांनी मिटला. "आम्ही हे लक्षात घेतलं आहे. आपण येऊ शकता."

मी उठले. इथपर्यंत आलो, लक्षात घेतलं म्हणाले, यापेक्षा जास्त कोण देतं, असं मला वाटलं. वहिनी उठली नाही.

"काय लक्षात घेतलंत, सर?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"काय लक्षात घेतलंत, ते एकदा म्हणून दाखवा."

 कंपनीच्या माणसाने फोनमधून मान वर केली. शेजारच्या बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्या पूर्वी कुठल्यातरी वॉर्डात मेट्रन असाव्यात, हे मला तेव्हा समजलं. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास सरकवला, परत जागेवर ठेवला. वहिनी हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती, जशी ती दारात उभ्या दादाकडे बघते.

"नोंद," अध्यक्ष म्हणाले, "अ‍ॅपमुळे हरवली असण्याची शक्यता आहे."

"असं नाही म्हटलं मी."

ते थांबले. मला वाटलं आता चिडतील. 

"तुम्ही नोंद केली होती," अध्यक्ष हळू म्हणाले. "ती अ‍ॅपने हरवली. तुम्ही खोटं बोलला नाहीत."

"बरोबर," वहिनी म्हणाली, आणि मग उठली.